थंडीत बदकांच्या रनमध्ये काय अंथरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिनेसोटात सेंट क्लाउडजवळ घर घेतलंय, चार पेकिन आणि दोन मस्कोव्ही बदकं आहेत आणि त्यांचा हा इथला पहिलाच हिवाळा. दहा बाय बारा फुटांचं जाळीचं रन, म्हणजे बदकांना फिरायला बंदिस्त केलेली जागा आहे, त्याला लागून लाकडी खुराडं. उन्हाळाभर रनमध्ये वाळू चालली, पण ऑक्टोबरच्या पावसात तिचा चिखल व्हायला लागलाय. दुकानात एक जण शेव्हिंग्ज घ्या म्हणतो, दुसरा पेलेट्स, शेजारचा शेतकरी काड टाका म्हणतो, आणि गावाहून आई विचारतात, तिकडे भाताचं तूस मिळत नाही का? यातलं नेमकं घ्यायचं काय?

सरळ उत्तर आधी देते. रनमध्ये खाली लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर आणि त्यावर गव्हाचं किंवा ओटचं लांब काड. खुराड्यात खाली पाइनच्या मोठ्या शेव्हिंग्ज आणि वर तेच काड. पाण्याचं भांडं या सगळ्यापासून बाजूला, खडीवर. वाळू या हिवाळ्यापुरती विसरा. पण एवढंच वाचून खरेदीला निघू नका. बदकांची गादी कशाची करायची हे पाणी कुठे सांडतं आणि कुठे जातं यावर ठरतं. ते ठरवलं नाही तर सगळ्यात महागडी गादीही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फाची लादी होऊन बसते.

पाण्याचा हिशोब करून बघा. मोठं बदक दिवसाला पाऊण ते एक लिटर पाणी पितं. तुमच्या सहांचे मिळून दिवसाला पाच लिटर धरा. त्यातलं बरंचसं मागून बाहेर येतं. बदकाच्या विष्ठेत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे गादी कोरडी ठेवायला कोंबड्यांपेक्षा जास्तीची सोय करावी लागते, असं कॉर्नेल विद्यापीठाच्या बदक प्रयोगशाळेचं मार्गदर्शनही सांगतं. चार महिन्यांच्या कडक थंडीत हे पाणी सहाशे लिटरच्या घरात जातं. शिवाय चोच बुडवून, मान झटकून बदकं जे उडवतात ते वेगळंच.

उन्हाळ्यात यातलं बरंच जमिनीत मुरतं, उरलेलं उन्हाने उडून जातं. हिवाळ्यात या दोन्ही वाटा बंद होतात. जमीन किती खोल गोठते याचा अंदाज हवा असेल तर मिनेसोटाचे बांधकामाचे नियम बघा. पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो, म्हणून दक्षिणेकडच्या भागात तो किमान ४२ इंच आणि उत्तरेकडे ६० इंच खोल मागतात. म्हणजे जानेवारीत तुमच्या रनखाली मातीची जी लादी झालेली असते तिच्यात थेंबही मुरत नाही. जे पाणी पडेल ते गादीनेच धरायचं, खाली न्यायचं आणि वरचा थर कोरडा ठेवायचा. प्रत्येक पर्यायाला मी हाच प्रश्न विचारते: ओला होऊन गोठल्यावर हा कसा वागेल?

ऊब हा त्यानंतरचा मुद्दा आहे. नवीन पाळणाऱ्यांना पायांची फार काळजी वाटते, कारण ते उघडे दिसतात. पण बदकाच्या पायात जाणारी गरम रक्ताची रोहिणी आणि वर येणारी थंड रक्ताची नीला एकमेकींना चिकटून असतात. खाली जाणारं रक्त आपली उष्णता वाटेतच वर येणाऱ्या रक्ताला देतं. पाऊल गोठण्याच्या थोडं वरच्या तापमानावर राहतं आणि शरीराची उष्णता पायांतून वाहून जात नाही. कोरड्या बर्फावर थोडा वेळ चालणाऱ्या पेकिनला त्रास होत नाही. त्रास होतो तो ओल्या पायाने, वाऱ्यात, रात्रभर बर्फावर बसावं लागलं की. मस्कोव्ही सोडल्या तर बदकं कोंबड्यांसारखी दांडीवर झोपत नाहीत, जमिनीवरच पोट टेकून झोपतात. त्यामुळे खाली जे असेल त्याचा छातीच्या आणि पोटाच्या पिसांशी सगळी रात्र संबंध येतो. त्या पिसांना घाण लागली की ती तेल धरत नाहीत आणि पाणी आत शिरतं. पिसं भिजलेलं बदक उणे वीस सेल्सिअसमध्ये टिकत नाही, मग ते कितीही धष्टपुष्ट असो.

गादी चुकली आहे हे सकाळी दार उघडल्यावर लगेच कळतं. बदक जिथे रात्रभर बसलं होतं तिथे एक खळगा असतो. चांगल्या गादीत त्या खळग्याच्या तळाशी चपटं झालेलं, पण कोरडं काड दिसतं, हात लावला तर किंचित कोमट लागतं. बिघडलेल्या गादीत त्याच जागी चकचकीत बर्फाची बशी असते आणि तिच्यात छातीची बारीक पांढरी पिसं रुतलेली असतात. बदक उठताना ती उपटली गेलेली असतात. असं एकदा जरी दिसलं, तरी त्याच दिवशी गादी बदला. उद्यावर टाकू नका.

आता तुमच्यासमोरचे पर्याय बघू.

वाळू उन्हाळ्यात उत्तम, कारण पाणी खाली जातं आणि वरून साफ करता येते. पण ओली वाळू गोठली की तिचं काँक्रीट होतं, आणि तेही ओबडधोबड, पावलांच्या खुणांसकट. त्या टोकांवर बदकांचे तळवे घासतात. तळव्याला बारीक चीर पडली की स्टॅफिलोकॉकस जिवाणू आत शिरतो, गाठ होते, मध्ये काळी खपली धरते. बंबलफूट म्हणतात तो हाच आजार. पेकिन वजनाला जड असल्यामुळे त्यांना तो लवकर होतो. गोठलेला चिखलही तितकाच वाईट. म्हणून आता, जमीन मऊ आहे तोवर, दाताळ्याने रनमधले सगळे उंचवटे सपाट करून घ्या. एकदा गोठलं की ते एप्रिलपर्यंत तसंच राहतं.

शेव्हिंग्ज, म्हणजे रंध्याखाली निघतात तसे पाइनचे पातळ काप, खुराड्यात फार चांगले. ते ओल शोषतात, मऊ असतात, उचलायला सोपे. उघड्या रनमध्ये मात्र ते वाऱ्याने उडतात आणि भिजले की त्यांचा लगदा होऊन एकसंध गोठतो. घेताना पिशवीवर भट्टीत वाळवलेलं पाइन आणि मोठे काप असं लिहिलेलं बघा. बारीक भुशाची धूळ नाकात जाते, आणि भूक लागलेली बदकं तो खातातही. सीडर घेऊ नका, त्याचा उग्र वास ज्या तेलांमुळे येतो ती बंद जागेत श्वसनमार्गाला त्रास देतात. सुताराकडून फुकट भुसा मिळाला तर त्यात काळा अक्रोड, प्लायवूड किंवा औषध मारलेलं लाकूड नाही याची खात्री असल्याशिवाय आणू नका.

पेलेट्स, घोड्यांच्या तबेल्यात वापरतात ते दाबलेल्या भुशाचे, पाणी खूप पितात आणि फुगतात. हीच त्यांची अडचणही आहे. बदकं त्यांना खाद्याचे दाणे समजून गिळतात आणि ते आत जाऊन फुगतात. आधी थोडं पाणी शिंपडून फोडून घेतले तर खुराड्याच्या दाराशी, जिथे पायांनी ओल आत येते, तिथे एक पट्टा म्हणून ठीक. रनमध्ये नको.

भाताच्या तुसाबद्दल आईंनी विचारलं ते बरोबरच आहे. आपल्याकडे कोंबडीपालनात गादी पद्धत म्हटली की तूस आलंच. अमेरिकेतही आर्कान्सा, लुइझियाना, कॅलिफोर्निया या भातपिकाच्या भागांत ते सहज मिळतं. मिनेसोटात तळ्यांमध्ये होतो तो वाइल्ड राइस, ते गवत वेगळं, आणि त्याचं तूस पोत्यांनी विकायला येत नाही. लांबून आणलं तर किंमत परवडणार नाही. शिवाय तूस पाणी फारसं शोषत नाही, हलकं असतं, उघड्यावर उडतं. छपराखालच्या कोरड्या कोंबड्यांना ते जमतं, हिवाळ्यातल्या बदकांना नाही.

हेंप म्हणजे भांगेच्याच जातीच्या, पण धाग्यासाठी लावलेल्या झाडाच्या आतल्या गाभ्याचे तुकडे. अमेरिकेत २०१८ च्या शेती कायद्यानंतर ते सगळीकडे मिळायला लागले. ओल छान धरतात, धूळ कमी. पैसे असतील तर खुराड्यात वापरा. एकशेवीस चौरस फुटांच्या रनमध्ये मी तरी टाकणार नाही, कारण तिथे प्रश्न शोषण्याचा कमी आणि थर पोकळ राहण्याचा जास्त आहे.

नेमकं तिथेच काड जिंकतं. कोरडं गव्हाचं काड साधारण आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरतं, म्हणजे शेव्हिंग्जपेक्षा फार वेगळं नाही. फरक त्याच्या घडणीत आहे. काडी आतून पोकळ, बाहेरून मेणचट आणि लांब असते. काड्या एकमेकींवर आडव्यातिडव्या पडतात, मध्ये हवा राहते, पाणी काडीवरून घसरत खाली जातं आणि वरचा थर कोरडा राहतो. खाली ते गोठलं तरी वर चार बोटं कोरडी जागा उरते, आणि ती चार बोटंच बदकाला बर्फापासून वेगळं ठेवतात. कापलेलं काड जास्त पाणी पितं, पण दबून चटईसारखं बसतं, म्हणून रनसाठी लांबच घ्या. गहू आणि ओट दोन्ही चांगले, ओटचं थोडं मऊ असतं. बार्लीच्या काडात कुसळं राहतात, ती डोळ्यांत आणि चोचीच्या कडेला रुततात. दुसरं काही मिळत असेल तर ते टाळा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दुकानात दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी असतात. पिवळट, चमकदार, पानं जवळजवळ नसलेला गठ्ठा काडाचा, म्हणजे स्ट्रॉ. हिरवट, पानांचा, गोड वासाचा गठ्ठा वाळल्या चाऱ्याचा, म्हणजे इंग्रजीतलं ‘हे’ (hay). चारा गादीत टाकायचा नाही. त्यात रस आणि साखर असते, ओल लागली की दोन दिवसांत बुरशी धरतो. त्याचे लांब धागे बदकं खातात आणि ते गळ्यातल्या अन्ननलिकेत गुंता करून बसतात. महाग असतो तो वेगळाच.

काडाचा खरा शत्रू बुरशी. अस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण फुप्फुसांत आणि हवेच्या पिशव्यांत बसतात. पक्ष्यांच्या श्वसनात या पिशव्या शरीरभर पसरलेल्या असतात, आणि तिथे बुरशी वाढली की औषधाने बरं होणं फार अवघड. गठ्ठा घेताना दोरीच्या आत हात घालून मधलं काड बाहेर काढा. आतून धूर उडाल्यासारखी पांढरी-राखाडी पूड उठली, काळे डाग दिसले किंवा तळघरातल्या कुबट हवेसारखा वास आला तर तो गठ्ठा फुकट मिळाला तरी नको. हॅलोविन, म्हणजे ३१ ऑक्टोबरचा सण, झाला की लोक सजावटीला ठेवलेले गठ्ठे रस्त्यावर काढून ठेवतात. दिसायला चांगले असतात, पण महिनाभर पावसात बसलेले असल्यामुळे आतून बहुतेक गेलेले असतात. ते भाजीच्या वाफ्यावर टाका. बदकांना नको.

इथे गव्हाची आणि ओटची कापणी जुलै-ऑगस्टमध्ये होते. तेव्हा थेट शेतकऱ्याकडून घेतलं तर काड सगळ्यात स्वस्त पडतं. तुम्हाला आता उशीर झालाय, तरी शेजाऱ्यालाच विचारा. दोन दोऱ्यांचा छोटा गठ्ठा पंधरा ते वीस किलोंचा असतो. सहा बदकांना नोव्हेंबर ते मार्च दहा-बारा गठ्ठ्यांचा हिशोब धरा आणि वर दोन जास्तीचे आणा, कारण फेब्रुवारीत काड शोधणं म्हणजे दारोदार फिरणं. ते छपराखाली, लाकडी पॅलेटवर, जमिनीपासून वर रचा आणि बाजूंनी झाका. झाकण्याचं दुसरंही कारण आहे. मार्च २०२२ पासून मिनेसोटात एच५एन१ बर्ड फ्लूचा शिरकाव झालाय आणि तो मुख्यतः रानबदकं आणि गूज यांच्या विष्ठेतून येतो. उघड्यावर पडलेल्या गठ्ठ्यांवर ते बसले असतील तर तेच काड तुम्ही आपल्या हाताने रनमध्ये नेता. याच कारणासाठी रनमध्ये जायचे बूट वेगळे ठेवा आणि ते घालून तळ्याकाठी जाऊ नका. आणि गठ्ठा सोडताना त्याची प्लॅस्टिकची दोरी मोजून खिशात घाला. दोरीचा तुकडा काडात राहिला तर बदकाच्या पायाला गुंडाळला जातो किंवा थेट गिळला जातो.

काडाखाली ढलप्या कशासाठी? निव्वळ मातीवर काड टाकलं तर खालचा थर महिन्याभरात चिखलात मिसळतो. झाडं कापणाऱ्या कंपन्यांकडे ताज्या ढलप्यांचे ढीग असतात, बरेचदा फुकट किंवा वाहतुकीच्या खर्चात मिळतात. मोठ्या तुकड्यांच्या मधल्या पोकळ्यांत पाणी उतरतं आणि तिथेच गोठतं. तुमच्या पायाखाली गोठलेला थर असतोच, फक्त तो सहा-आठ इंच खाली राहतो. ढलप्यांना टोकं असतात म्हणून त्या उघड्या ठेवू नयेत, वर काड हवंच. जुन्या डेकच्या किंवा कुंपणाच्या लाकडाच्या ढलप्या अजिबात नकोत. अमेरिकेत २००३ च्या अखेरपर्यंत घरगुती बांधकामाच्या लाकडाला आर्सेनिक असलेलं औषध मारत असत आणि ते लाकूड अजून अंगणांमध्ये उभं आहे.

झाडांची वाळकी पानंही चालतात. ऑक्टोबरात मेपल आणि ओकच्या पानांच्या पिशव्या शेजाऱ्यांच्या दारात दिसतात. बदकांना पानं फार आवडतात, चोच खुपसून किडे शोधत तासन्तास रमतात. एकटी पानं भिजली की एकावर एक चिकटून चामड्यासारखी होतात, म्हणून लॉनमोअर फिरवून बारीक करा आणि काडात मिसळा. ज्यांच्या लॉनवर तणनाशक मारलं जातं त्यांच्याकडची घेऊ नका.

आता क्रम सांगते. वाळू वरवर काढून एका बाजूला ढीग करा, उन्हाळ्यात लागेल. जमीन सपाट करा आणि पाणी बाहेर जाईल असा थोडा उतार द्या, खुराड्यापासून लांब जाणारा. त्यावर सहा ते आठ इंच ढलप्या. त्यावर आठ इंच सैल काड, पायाने न दाबता. बदकं ते स्वतःच चार इंचांवर आणतात. हे सगळं ऑक्टोबर संपायच्या आत करा. १९९१ मध्ये हॅलोविनच्या रात्री सुरू झालेल्या वादळात मिनिआपोलिस-सेंट पॉलमध्ये २८.४ इंच बर्फ पडला होता. दरवर्षी तसं होत नाही, पण नोव्हेंबरची वाट बघायची नसते हे इथला प्रत्येक शेतकरी जाणतो.

त्याआधी छप्पर आणि वारा. रनच्या निदान अर्ध्या भागावर पक्कं छप्पर टाका, बर्फाचं वजन पेलेल असं. नुसती जाळी किंवा ताडपत्री ओल्या बर्फाने खाली येते. वायव्येकडची बाजू ग्रीनहाउसच्या जाड प्लॅस्टिकने किंवा काडाच्या गठ्ठ्यांच्या भिंतीने झाका, वरती एक फूट मोकळं सोडा. ख्रिसमसनंतर लोक टाकून देतात ती झाडं, रंग किंवा फवारा नसलेली आणि सजावटीची झिरमिळी काढलेली, जाळीला बांधली की उत्तम आडोसा होतो. छप्पर आणि आडोसा नसताना काडावर पैसे घालवणं व्यर्थ आहे.

पाण्याची जागा खुराड्याच्या दारापासून रनच्या सगळ्यात लांबच्या टोकाला, उताराच्या खालच्या बाजूला करा. तिथे काड आणि ढलप्या नकोत. सहा इंच खोल बारीक गोल खडी भरा आणि तिच्यावर लाकडी चौकटीला ठोकलेली अर्ध्या इंचाची जाळी ठेवा. जाळीच्या कडा चौकटीत दाबून घ्या, पावलं कापली जाऊ नयेत. तिच्यावर विजेवर गरम राहणारी बादली. बदकाला डोळे आणि नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाणी रोज लागतंच, त्यात काटकसर करायची नाही. पोहण्याचं टब मात्र कडक थंडीत रनमधून बाहेर काढा. शून्याच्या आसपासच्या उन्हाच्या दिवशी अंगणात एक तास द्या, नंतर पिसं साफ करायला कोरड्या काडावर वेळ द्या, आणि मगच खुराड्यात. खडीवर बर्फ साचेल, तो कुदळीने फोडून बाहेर टाका. बर्फ वितळवायचं मीठ तिथे टाकू नका, बदकं ते पितात आणि त्याची बाधा होते. ओल मारायला कळीचा किंवा विझवलेला चुनाही नको. ओल्या चुन्याने तळवे आणि पायांचे पडदे भाजतात. वास कमी करायला झिओलाइट खनिजाचे दाणे मिळतात, ते काडाखाली पसरा.

रोजचं काम थोडं आहे. दर दोन-तीन दिवसांनी मळलेल्या जागेवर पातळ नवीन काड टाका. कडक गोठलेलं खणायला जाऊ नका. हात दुखतात आणि खालचा थर उगाच उघडा पडतो. जानेवारीत मधेच तीन-चार दिवस तापमान शून्याच्या वर येतं, तेव्हा वरचा ओला लगदा दाताळ्याने ओढून बाहेर काढा आणि भरपूर काड टाका. ते दिवस आळसात घालवलेत तर नंतरच्या गोठण्यात तोच लगदा लादी होतो. आठवड्यातून एकदा हातमोजा काढून मनगटापर्यंत हात गादीत घाला, मूठभर काड बाहेर काढा आणि पिळा. हात नुसता दमट झाला तर ठीक. थेंब पडला तर नवीन थर आजच. मग गुडघ्यावर बसून नाक बदकाच्या उंचीवर न्या. उभ्याने वास येत नसला तरी खाली अमोनिया असू शकतो, आणि डोळे चुरचुरले तर बदकांना त्रास सुरू झालेला आहे असं समजा.

लोक तुम्हाला सांगतील की जाड गादी खाली कुजते आणि तिची ऊब मिळते. हे खुराड्यात, एक फूट थर असेल आणि भिंती जाड असतील तर काही प्रमाणात खरं आहे. कुजायला कार्बन आणि नायट्रोजन साधारण तीस भागांना एक असं प्रमाण लागतं. बदकाच्या विष्ठेत नायट्रोजन भरपूर आणि काडात कार्बन, त्यामुळे मेळ जमतो. पण उघड्या रनमध्ये उणे पंचवीसला जिवाणूंचं काम थांबतं आणि तिथे नुसते थर साचत जातात. त्यात काही बिघडत नाही, वरचा थर कोरडा असला की झालं. फक्त उबेच्या भरवशावर राहू नका.

खुराड्यात तळाला रबरी मॅट, त्यावर चार इंच शेव्हिंग्ज, त्यावर सहा इंच काड. रात्री आत पाणी ठेवायचं नाही आणि म्हणून खाद्यही नाही. आठ-दहा तास त्यांना काही होत नाही, आणि गादीचं निम्मं ओझं इथेच कमी होतं. हवेचे झरोके बदकांच्या डोक्याच्या बऱ्याच वर हवेत आणि ते हिवाळ्यातही बंद करायचे नाहीत. सकाळी छताच्या आतल्या बाजूला पांढरं दव गोठलेलं दिसलं तर झरोके कमी पडतायत. थंडी आत येईल म्हणून लोक फटी बुजवतात आणि बदकं आपल्याच श्वासाच्या ओलीत बसतात. उष्णता देणारा लाल दिवा लावायचा विचार मनात असेल तर काढून टाका. कोरडं काड, धूळ आणि पंख फडफडणारे पक्षी असताना तो दिवा पडला की खुराडं मिनिटांत पेटतं. अशा आगी इथे दर हिवाळ्यात लागतात.

तुमच्या दोन मस्कोव्हींची व्यवस्था थोडी वेगळी करा. पेकिन चीनमधून १८७३ मध्ये अमेरिकेत आली, जाड चरबीची आणि थंडीला काटक. मस्कोव्ही मूळची मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतली. तिच्या चेहऱ्यावरची लाल मांसल कातडी उघडी असते आणि पावलांइतकीच तिलाही हिमबाधा होते. तिला उंचावर बसायला आवडतं, म्हणून खुराड्यात जमिनीपासून फूटभर उंचीवर आठ इंच रुंद सपाट फळी द्या. खाली काडाचा थर दुप्पट ठेवा, कारण ती जड अंगाने खाली उडी मारते. उणे अठराच्या खाली पारा गेला की त्या दोघींना दिवसाही आत ठेवा. पावलाच्या टोकाची कातडी फिकट, मेणासारखी दिसली तर घरात आणून कोमट पाण्यात पाय ठेवा. चोळू नका, गरम पाणी नको, शेकोटी नको, आणि पशुवैद्याला फोन करा.

एप्रिलमध्ये सगळं एकदम वितळतं आणि तेव्हा रनला वास येणार, त्याची तयारी ठेवा. गोठलेलं सुटलं की पहिल्या कोरड्या आठवड्यात काड पूर्ण उचला, ढलप्या तशाच राहू द्या. या काडाचं खत फार उत्तम होतं. ताजं वापरायचं असेल तर अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत जो काळ आहे तो घरच्या बागेतही पाळा: मातीला टेकणाऱ्या भाज्यांना काढणीच्या १२० दिवस आधी, बाकीच्यांना ९० दिवस आधी. आणि ते टोमॅटोच्या वाफ्यात घालण्याआधी एक चाचणी नक्की करा. काही तणनाशकं, उदाहरणार्थ अमिनोपायरॅलिड, काडात टिकतात आणि कुजल्यावरही जात नाहीत. दोन कुंड्या घ्या, एकीत तुमचं खत मिसळलेली माती, दुसरीत साधी, दोन्हींत घेवड्याचं बी पेरा. तीन आठवड्यांत खताच्या कुंडीतली पानं वाटीसारखी आत वळली, शेंडे वाकडे झाले तर ते खत भाज्यांना घालू नका. गवतवर्गीय झाडांना ते चालतं, म्हणून लॉनवर पसरा किंवा मक्याच्या पट्ट्यात टाका, आणि पुढच्या हंगामाचं काड घेताना शेतकऱ्याला आधीच विचारा की पिकावर काय फवारलं होतं.